इथं देव कुठला?

एप्रिलमध्ये इंग्लंडात वसंत येतो असं कॅलेंडर सांगतं, आणि इथली माणसं त्यावर विश्वास ठेवून अर्ध्या चड्डीत बाहेर पडतात. साताऱ्याहून आलेले माझे सासरे, नाना, माकडटोपीत बाहेर पडले. त्यांना लेस्टरजवळच्या ब्रॅडगेट पार्कात न्यायची कल्पना हिची. उत्तरं द्यायचं खातं माझ्याकडे.

पार्क म्हटल्यावर नानांना घसरगुंडी आणि भेळवाला अपेक्षित होता. समोर आठशेहून अधिक एकरांचं रान. ब्रॅकन नावाचा नेचा गेल्या वर्षी कमरेएवढा वाढून आता तांबूस होऊन आडवा झालेला.

"साफ का करत नाहीत?"

"हरणं राहतात, नाना. मुद्दाम ठेवलंय."

"ऐकलंस?" नाना सासूबाईंकडे वळले. "आपलं परसही मुद्दामच ठेवलंय."

1928 साली चार्ल्स बेनियन या कारखानदारानं ही सगळी जागा विकत घेऊन जनतेला देऊन टाकली, हे ऐकून मात्र नाना थांबले. "एवढी जमीन? प्लॉट नाही पाडले?" पुढची दहा मिनिटं ते त्या भल्या माणसाच्या काळजीत होते.

नेच्यात गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचायची. सासूबाईंनी विचारलं, "आणि साडीचं?" काही प्रश्नांना जावयानं उत्तर देऊ नये.

पुढे ब्रॅडगेट हाऊसच्या विटांचे पडके बुरूज. लेडी जेन ग्रेचं हे घर. 1553 च्या जुलैत तिला इंग्लंडच्या गादीवर बसवलं, नऊ दिवसांत उतरवलं आणि पुढच्या वर्षी शिरच्छेद केला. "म्हणजे घट बसले आणि उठले, तेवढंच राज्य?" सासूबाई हळहळल्या. मीही रंगात येऊन सांगितलं की तिच्या शोकात इथल्या ओकांचे शेंडे उडवले, अशी दंतकथा आहे. नानांनी एका ओकाला चक्कर मारली.

"शोक कसला, जावईबापू? शेवगा असाच छाटतात. सरपण."

इतिहासकारही तेच म्हणतात, पण त्यांना ते कळायला अभ्यास करावा लागला.

अवशेषांत मोर होते. गोरी मंडळी मोरांचे फोटो काढत होती, नाना गोऱ्या मंडळींचे.

मग ओल्ड जॉनची चढण. टेकडीवर 1784 चा दगडी मनोरा, बाजूला कमान. दुरून कान असलेला बिअरचा मग दिसतो. निम्म्या वाटेवर गारा सुरू झाल्या. वर पोचल्यावर नानांनी टोपी झटकली.

"इथं देव कुठला?"

"देव नाही, नाना."

"मग किल्ला?"

"तोही नाही. शोभेचा आहे."

"मग चढलो कशाला?"

"फिरायला." हे मलाही पटलं नाही. उंची 212 मीटर कळल्यावर तर नाना हसलेच. "साताऱ्यातलं आपलं अंगण याच्या तिपटीहून वर आहे. तिथं मी चहा पितो."

सासूबाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. एवढं चढून आलो ते रिकामं कशाला जायचं, म्हणून त्यांनी बूट काढले आणि मोज्यांनिशी मनोऱ्याला प्रदक्षिणा सुरू केली. कुत्रं घेऊन आलेले एक इंग्रज आजोबा जरा घुटमळले, टोपी काढून हातात घेतली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.