पिवळ्या गुळाचा भाव

कोल्हापुरात गुळाचा हंगाम सुरू झाला की दोन तक्रारी एकदमच ऐकू येतात. सौद्यात (बाजार समितीतल्या लिलावात) दर मिळत नाही म्हणून गुऱ्हाळमालक नाराज असतात आणि साखरेपेक्षा गूळ महाग कसा, असे गिऱ्हाईक विचारत असते. ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये बसून गावाकडचा हा वाद वाचताना मला वाटते की, खरा प्रश्न दराचा कमी आणि दर ठरवण्याच्या कसोटीचा जास्त आहे.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. 2025-26 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरली आणि टनभर उसातून साधारण 100 ते 120 किलो गूळ निघतो. म्हणजे तोडणी-वाहतूक धरून 30 ते 35 रुपये किलोमागे उसातच गेले. गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर), मजूर आणि अडत (दलाली) यांचा खर्च पुढेच. तरीही सौद्यात रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) भाव पडतो तो बव्हंशी रंगावर. पूर्वी ही कसोटी अगदीच चुकीची नव्हती, कारण उसाची जात, जमिनीचा पोत आणि भेंडीच्या पाण्याने रसातली मळी (गाळ) किती निगुतीने काढली आहे, हे रंगात बरेचसे उतरत असे. हायड्रॉस (रंग उजळवणारे गंधकयुक्त रसायन) घालून तोच पिवळेपणा सहज आणता येऊ लागला आणि त्या खुणेला अर्थ उरला नाही. भेसळीवर तावातावाने बोलणारे आपण दुकानात मात्र पिवळाधमक गूळच निवडतो, हे या चर्चेत फारसे कोणी काढत नाही.

ब्रिटनमध्ये उलट तपकिरी रंगाला जास्त पैसे मोजले जातात. म्हणून इथला ग्राहक अधिक जाणकार आहे, असे मी म्हणणार नाही. इथली बरीचशी ब्राउन शुगर म्हणजे शुद्ध केलेल्या साखरेत पुन्हा मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा पाक) मिसळलेले असते, त्यामुळे त्यालाही रंगच भुलवतो. मात्र इथे किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट (हायड्रॉससारख्या रसायनातून मागे राहणारे गंधकाचे संयुग) असेल तर ते वेष्टनावर छापणे कायद्याने सक्तीचे आहे.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यातून गूळ कुठला ते कळते, अमुक आधणात काय पडले ते कळत नाही. सौद्यात रव्याबरोबर गंधकाच्या तपासणीचा आकडाही मांडला, तर काळपट पण स्वच्छ गुळाला चढा भाव मागता येईल. हा खर्च लहान गुऱ्हाळमालकावर टाकला तर तो सरळ कारखान्याला ऊस घालेल, म्हणून तो बाजार समितीने आणि खरेदीदार व्यापाऱ्यांनी उचलायला हवा.