‘शरीरातच बनतं’ म्हणून गांजा निर्धोक?

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: गांजातली द्रव्यं आपलं शरीर स्वतःच बनवतं, म्हणून गरोदरपणातल्या उलट्यांवर गांजा निर्धोक आहे आणि म्हातारपणी गेलेली स्मरणशक्ती तो परत आणतो; शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय. यातल्या प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, त्यामुळे नुसतं ‘खोटं’ म्हणून भागत नाही.

‘शरीर स्वतःच बनवतं.’ शरीर बनवतं ते ॲनंडामाइड. 1992 मध्ये जेरुसलेममध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेने ते डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं आणि नाव ठेवलं संस्कृतातल्या ‘आनंद’वरून. (हा तपशील आपल्याकडे फारच आवडीने पुढे ढकलला जातो.) ॲनंडामाइड पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (संदेश झेलणाऱ्या जागेवर) बसतं, त्याच रिसेप्टरवर गांजातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी जाऊन बसतं, इथवर ठीक. फरक पुढे आहे. ॲनंडामाइड लागेल तिथे, लागेल तेवढंच तयार होतं आणि एक एन्झाइम (द्रव्यं मोडणारं प्रथिन) ते काही मिनिटांत मोडून टाकतं. टीएचसीपुढे या एन्झाइमची मात्रा चालत नाही. ते चरबीत मुरतं आणि तिथून दिवसचे दिवस पाझरत राहतं.

गरोदरपणात हा फरक फार महागात पडू शकतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की गर्भ जिथे रुजतो, नेमकी तिथली ॲनंडामाइडची पातळी त्या वेळी खाली आलेली असते. ती चढी राहिली तर रुजणंच अडतं. म्हणजे शरीर आपलं स्वतःचं द्रव्यसुद्धा अशा वेळी आवरून धरतं. पुढे गर्भाच्या मेंदूत चेतातंतूंना वाट दाखवण्याचं काम ॲनंडामाइड आणि त्याच्या रिसेप्टरची हीच यंत्रणा करते. टीएचसी वार (प्लासेंटा) ओलांडून तिथे पोहोचतं, अंगावरच्या दुधातही उतरतं.

‘उलट्यांवर चालतो, बाळाला काही होत नाही.’ टीएचसीसारखी दोन औषधं अमेरिकेत 1985 मध्ये मंजूर झाली, ती केमोथेरपीच्या उलट्यांसाठी, आणि तीही नेहमीची औषधं लागू पडली नाहीत तर. गरोदरपणासाठी नव्हे. उलट, वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्या काहींना त्यामुळेच न थांबणाऱ्या उलट्या लागतात आणि ते तासन्‌तास गरम पाण्याखाली उभे राहतात, कारण तेवढ्यानेच बरं वाटतं.

पुरावा म्हणून जमैकातला 1994 चा अभ्यास दाखवतात: गांजा घेणाऱ्या आयांची बाळं महिन्याची असताना काही चाचण्यांत सरस ठरली. बाळं किती? 24, आणि तुलनेला 20. शिवाय जास्त गांजा घेणाऱ्या आया अधिक शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या होत्या; हे अभ्यासकांनीच लिहिलंय, फॉरवर्डमध्ये मात्र गाळलेलं असतं. याच्या शेजारी 2019 चा कॅनडातल्या ओंटारियोचा अभ्यास ठेवा: साडेसहा लाखांहून जास्त गरोदरपणं. दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण गांजा घेणाऱ्यांत 12 टक्के, न घेणाऱ्यांत 6.1. आता यात तंबाखूचा वाटा किती, गरिबीचा किती, ही शंका रास्तच. म्हणून सारख्या परिस्थितीतल्या बायका जुळवून पुन्हा मोजलं. तरीही 10.2 विरुद्ध 7.2 उरलेच.

‘म्हातारपणी स्मरणशक्ती परत येते.’ हे आलंय जर्मनीतल्या बॉनमधल्या 2017 च्या प्रयोगातून, आणि प्रयोग खरोखर सुरेख आहे. उंदरांच्या कातडीखाली छोटा पंप बसवून 28 दिवस टीएचसीची थोडी मात्रा सतत सोडली. मग पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्यांना पोहत पोहत शोधायला लावलं. म्हातारे उंदीर सुधारले. पण त्याच मात्रेने दोन महिन्यांचे तरुण उंदीर बिघडले! शोधनिबंधाचा अर्धा जीव या दुसऱ्या वाक्यात आहे आणि मजकुरात नेमकं तेच नाही. उंदरांत जे दिसलं ते माणसांत सिद्ध झालेलं नाही, हे वेगळंच. आणि पंपातून अहोरात्र झिरपणारी बारीक मात्रा म्हणजे चिलमीचा झुरका नव्हे.

‘सीबीडीला नशा नाही, ते तर घ्यायला हरकत नाही.’ सीबीडी हे गांजातलंच दुसरं द्रव्य, बाटलीतल्या तेलाच्या रूपात घेतलं जाणारं. नशा नाही, बरोबर. पण यकृतातली जी एन्झाइमं इतर औषधं मोडतात, त्यांनाच ते अडवतं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्याने वर सीबीडी सुरू केलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घरातल्या ज्येष्ठांनी ते आधीच सुरू केलं असेल, तर पुढच्या वेळी बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा. ‘तेलच तर आहे’ म्हणून ती सांगायची राहून जाते.