मानदुखी मिळवा आणि टिकवा

मानेत मणके 7. जिराफाच्याही मानेत 7च, पण त्याच्याकडे मोबाईल नाही त्यामुळे तो बिचारा मागे राहिला. तुमचं तसं नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, सरळ ठेवलं तर मान ते आरामात पेलते, म्हणून सरळ ठेवायचंच नाही. 60 अंशात खाली घातलं की मानेवर 27 किलोच्या आसपास भार येतो असा हिशोब एका स्पाइन सर्जनने 2014 मधे कॉम्प्युटर मॉडेलवर मांडला होता, म्हणजे रील्स बघताना तुम्ही जवळजवळ भरलेला गॅस सिलिंडर मानेवर घेऊन बसलेले असता, आणि आईने खरा सिलिंडर सरकवायला सांगितला की लगेच तुमची पाठ दुखते.

स्कूटरवर असाल तर फोन कान आणि खांद्यात दाबा आणि कर्वे रोडने निघा. हेल्मेट नकोच, एकतर फोन बसत नाही आणि दुसरं म्हणजे हेल्मेटने मान दुखते हे पुण्यात सगळ्यांना माहितीये, सक्तीविरुद्ध मोर्चे काय उगाच निघाले का! हिंजवडीला पोचल्यावर (पोचलात तर) लॅपटॉप टेबलावर खाली आणि नजर त्याच्याही खाली. मधे उठू नका. मणक्यांमधल्या डिस्कला रक्तपुरवठा जवळपास नसतोच, हालचाल झाली की पोषण झिरपतं म्हणे, तर हलायचंच नाही, बघू किती दिवस टिकते. घरून काम असेल तर बेडवर पालथं पडून करा, रात्री उशाला दोन जाड उश्या.

दुखायला लागलं की थेट सलूनमधे. दाढी झाल्यावर तो मान धरून कटकन् मोडतो ना, तेच. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतूनच वर जातात आणि झटक्याने त्यातली एखादी आतून फाटली तर स्ट्रोक येऊ शकतो, पण क्वचितच हो, आणि चंपी फुकट असते.

मग एमआरआय. डॉक्टर नको म्हणाले तरी. पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांच्या मणक्यात झीज दिसतेच, काही दुखत नसलं तरी, त्यामुळे 'गॅप आलाय' हे तुम्हाला हमखास मिळेल आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात सांगता येईल. साधी मानदुखी हलत-फिरत राहिलं तर बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होते, ही बातमी मात्र घरात कुणाला कळू देऊ नका. पट्टा लावा आणि काढूच नका, महिनोन्महिने लावला की स्नायू आपोआप ढिले पडतात आणि मग खरंच पट्ट्याशिवाय चालत नाही. फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर लावा. फ्रिजला फायदा होईल.

हाताला मुंग्या येतील, अंगठा बधिर होईल, कप हातातून सुटेल. कपच निसरडे येतात हल्ली. शर्टाची बटणं लावता येईनात तर टी-शर्ट घाला, चालताना तोल जायला लागला तर फुटपाथला शिव्या घाला (ते आहेतच तसे), लघवीवर ताबा राहीना तर वय झालं म्हणा. आणि कुणी डॉक्टर म्हणालेच की मज्जारज्जू दबतोय, आजच्या आज सर्जनला दाखवा, तर शांतपणे सांगा, या आठवड्यात रिलीज आहे, दिवाळीनंतर बघू.