पैठणीच्या कव्हरात मँगोस्टीन

गुहागरात राहून हवेत दमटपणा कमी पडतो अशी तक्रार करणारा मनुष्य एक तर नुकताच देशावरून आलेला असतो किंवा त्याचे काहीतरी बिनसलेले असते. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचे पाणी होते, काडेपेटीतली काडी घासून घासून अर्धी होते पण पेटत नाही, आणि भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींना दर श्रावणात बुरशीच्या नव्या मिशा फुटतात. अशा गावात गेल्या डिसेंबरात मी पदरचे पैसे खर्चून दमट हवा तयार करीत बसलो होतो.

निमित्त झाले चार रोपांचे. निवृत्तीनंतर नारळी-पोफळीच्या वाडीत काहीतरी नवे लावावे, या खुळापायी मी केरळातल्या एका रोपवाटिकेतून दोन मँगोस्टीन आणि दोन रांबुतान (लिचीसारखे, पण केसाळ सालीचे फळ) मागवले. मँगोस्टीन हे आपल्या रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, जवळचे भावंड असून दोघांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द गार्सिनिया हाच आहे, ही माहिती मी घरात मोठ्या उत्साहाने दिली. आमच्या कुंपणाला चार रातांबे आजोबांच्या काळापासून कोणी विचारपूस न करताही उभे आहेत. त्यांच्याकडे पाहत सौभाग्यवती म्हणाली, "अहो, घरचा पुतण्या असताना परगावचा दत्तक कशाला?"

दत्तक आठ दिवसांनी चिपळुणात पोचला. खोक्यावर 'ही बाजू वर' असे लिहून बाण काढलेला होता आणि तो बाण इमानाने जमिनीकडे रोख धरून होता. खोके उघडल्यावर आतून ओल्या गोणपाटासारखा कोंदट वास आला. रांबुतानची पाने उकडलेल्या अळवासारखी लोंबत होती. मँगोस्टीनची पाने जात्याच जाड आणि चामड्यासारखी असल्यामुळे त्यांनी मान टाकली नव्हती, पण त्यांच्या कडा विडीच्या टोकासारख्या तपकिरी झाल्या होत्या. मुळांभोवती नारळाच्या सोडणाचा भुसा बांधलेला होता. आमच्या वाडीत सोडणे न्हाणीच्या चुलीत जातात. तीच कोणीतरी दळून, पिशवीत भरून, वाहतूक खर्चासह मला परत विकली होती, हे दुःख मी त्या वेळी गिळले.

सुकलेले रोप दिसले की सज्जन मनुष्य पाणी ओततो. मी सज्जन असल्यामुळे दोन दिवस पाणी ओतले, वर अंगात ताकद यावी म्हणून शेणखतही घातले, आणि तिसऱ्या दिवशी रांबुतानची उरलेली पाने गळाली. झाले होते असे की, प्रवासात हिसके बसून मातीचा गड्डा फुटतो आणि पाणी ओढणारी बारीक मुळे तुटतात. पानांखालची सूक्ष्म रंध्रे मात्र हवेत वाफ सोडण्याचे काम चालूच ठेवतात. म्हणजे उत्पन्न बंद आणि खर्च पूर्वीसारखाच. त्यात मँगोस्टीनच्या मुळांना केसांसारखे तंतूच नसतात, त्यामुळे ते धडधाकट असतानाही पाणी सावकाशच पिते. अशा वेळी मुळाशी तळे केले तर उरलीसुरली मुळे गुदमरून कुजतात, आणि खत म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पुरणपोळीचा आग्रह. खरा उपाय खर्च कमी करण्याचा. भोवतालची हवाच बाष्पाने इतकी भरून टाकायची की पानांतून पाणी उडायला जागा राहू नये, आणि तोवर मुळांना नवे फाटे फोडायला सवड मिळावी.

ही युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी 1829च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाकडे लक्ष असताना मातीतून नेचे उगवले आणि बंद बाटलीत वाढत राहिले. 1833 साली त्यांनी काचेच्या बंद पेट्यांतून सिडनीपर्यंत रोपे जिवंत पोचवली, आणि पुढे चीनमधली चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आली. माझा सकाळचा चहा एका बाटलीतल्या नेच्याचे देणे लागतो, असे मी स्वयंपाकघरात सांगितले, तेव्हा दूध संपल्याचे मला कळवण्यात आले.

पण गुहागरात वेगळा दमटपणा कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आणले आणि दुपारी दोन वाजता ओटीवर ठेवले. आकडा आला 44. समुद्राची गाज ऐकू येत असताना 44! ज्या थंडीच्या भरवशावर आमचे हापूस मोहोरतात, त्याच दिवसांत घाटाकडून येणारे मतलई वारे दुपारपर्यंत रेंगाळतात आणि ओठांबरोबर पानेही उलवतात. शाळेत खारे वारे व मतलई वारे यांवर मी दोन गुणांचे टिपण लिहिले होते; त्याची किंमत पन्नास वर्षांनी कळली.

काचेची पेटी परवडणारी नव्हती. शोधता शोधता कपाटात पैठणीचे साखळीवाले पारदर्शक कव्हर सापडले. बांबूच्या चार काठ्या, त्यांवर कव्हर, आत दोन कुंड्या आणि एक पाण्याची परात: तासाभरात आतून दंव धरले आणि आकडा 90वर गेला. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते; पण रोपांना ऊब मिळावी म्हणून मी तो तंबू अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवला आणि वामकुक्षीला गेलो. बंद प्लॅस्टिकमध्ये ऊन शिरते, उष्णता बाहेर पडत नाही. चार वाजता आत हात घातला तेव्हा मोदकपात्राची आठवण झाली. तंबूत रांबुतान होते. दोन्ही गेले. नखाने साल खरवडून पाहिली. खाली हिरवा पदर असता तर आशा होती, पण बुंध्यापर्यंत सारे तपकिरी होते.

मग मँगोस्टीनची पाळी आली आणि मी शहाणा झालो. तंबू माजघराच्या उत्तरेकडच्या खिडकीशी लागला, जिथे उजेड येतो पण ऊन येत नाही. माती फक्त ओलसर, खत बंद, पानांवर सकाळी पाण्याचा फवारा, आणि बुरशी धरू नये म्हणून रोज दहा मिनिटे साखळी उघडून हवा. दाराला पडदा, पंखा बंद, मोठ्याने बोलणे बंद (हे शेवटचे माझे मीच घातलेले). "बाळंतिणीचा वारासुद्धा कोणी इतका चुकवीत नाही," असे घरातून ऐकू आले. ते खोटे नव्हते. शेजारच्या काकू तर खरोखरच दारातून चप्पल काढून, दबक्या आवाजात विचारून गेल्या, "कसं आहे आता?"

अठराव्या दिवशी आमच्याकडे कलमे बांधायला येणारे काका सहज डोकावले. मी त्यांना वॉर्डसाहेबांपासून पर्णरंध्रांपर्यंत सगळे समजावून सांगितले. त्यांनी सुपारी कातरीत शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे टोपी घातलीत," ते म्हणाले.

"टोपी?"

"कोय कलम बांधलं की काडीवर आम्ही पेप्सीकोल्याची पिशवी घालतो ना भाऊ, तशी. काडीला मूळ कुठाय पाणी प्यायला? कोंब आला की काढायची." मग तंबूला एक प्रदक्षिणा घालून त्यांनी विचारले, "ही पिशवी केवढ्याची?"

मी पैठणीची किंमत सांगितली नाही.

जाता जाता मात्र त्यांनी लाखमोलाचे सांगितले: कोंब दिसला म्हणून टोपी एकदम ओढायची नाही, नाहीतर दमटात वाढलेले कोवळे पान बाहेरच्या वाऱ्यात एका दुपारीत करपते. तेहतिसाव्या दिवशी शेंड्याची चोच उघडली आणि एकमेकांना चिकटलेली दोन तांबूस, लाखेच्या मण्यासारखी चकचकीत पाने बाहेर आली. त्या दिवसापासून मी कव्हराला रोज एक भोक पाडू लागलो. चौदा भोके झाल्यावर साखळी उघडी ठेवली, आणखी आठवड्याने तंबू उतरवला, आणि कुंड्या पोफळींच्या दाट सावलीत, शिंपण्याच्या पाटाजवळ नेऊन ठेवल्या. तिथे यंत्र भर दुपारी 70 दाखवीत होते. म्हणजे ते आमच्याच वाडीत, फुकट, पहिल्या दिवसापासून होते.

मँगोस्टीनला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात आणि माझे वय त्रेसष्ट आहे, हा हिशेब घरात कोणी उघडपणे मांडत नाही. मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी पैठणी बाहेर निघाली तेव्हा कव्हराची चौदा भोके मोजली गेली, आणि दुसऱ्या हिशेबालाही तोंड फुटता फुटता राहिले.

जूनमध्ये पाऊस लागला. दोन्ही झाडे तरारली. आर्द्रतेचे यंत्र चार दिवस 99वर थांबले, मग त्याच्या काचेच्या आत पाणी शिरले आणि ते बंद पडले. सध्या ते सुकण्यासाठी तांदळाच्या डब्यात आहे.