पावणेतीन किलोचा सुभेदार

रात्री साडेनऊला मी कपाटातून स्टीलची फणी काढतो. आवाज होऊ नये म्हणून ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. तरी त्याच क्षणी दिवाणाखाली काहीतरी सरपटत जातं आणि तिथून बाहेर यायचं नाव घेत नाही. नावच घ्यायचं तर सुभेदार. जात यॉर्कशायर टेरियर, वजन पावणेतीन किलो, म्हणजे मंडईतले दोन बरे कोबी आणि वर कोथिंबिरीची एक जुडी.

या कुत्र्याचे केस गळत नाहीत, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. ते बरंचसं खरंही आहे. इतर कुत्र्यांना वरच्या केसांखाली मऊ लव असते, ती याला नसते. एकच थर, माणसाच्या केसांसारखा रेशमी आणि वाढतच राहणारा. गळलेला केस फरशीवर न पडता शेजारच्या केसांत अडकतो आणि तिथे संसार थाटतो, एवढं मात्र विकणारा सांगत नाही. दोन दिवस फणी चुकवली की कानामागे सुपारी तयार. चार दिवस चुकवली की काखेत नारळ.

हे सगळं मुळात गिरणीकामगारांचं कुत्रं, हे कोणाला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आले, तेव्हा आपली लहान टेरियर बरोबर घेऊन आले. त्यांच्यातून ही जात घडली. काम एकच : गिरणीतले उंदीर मारायचे. एवढे लांब रेशमी केस बघून लोक म्हणायचे, हे कुत्रं विणकरांनी मागावरच काढलं असणार. जातीचा मूळपुरुष हडर्सफील्ड बेन. 1865 चा जन्म, 1871 मध्ये गाडीखाली गेला. सहा वर्षांच्या आयुष्यात प्रदर्शनातली बक्षिसं मिळवली आणि उंदीर मारण्याच्या स्पर्धाही मारल्या. यॉर्कशायर हे नाव 1870 पासूनचं. पुढे श्रीमंत बायकांनी याला मांडीवर घेतलं, केसांना रिबीन बांधली. रिबिनीखालचं डोकं मात्र गिरणीतच राहिलं.

तर विंचरणं. पहिला नियम : कोरड्या केसांत फणी घालायची नाही, केस तुटतात. पाव लिटर पाण्यात चमचाभर कुत्र्याचं कंडिशनर घालून फवारा मारायचा. ब्रश पिनांचा, पण पिनांच्या टोकाला गोळ्या नकोत, त्या गोळ्यांत केस अडकतो. सुभेदाराला कुशीवर झोपवायचं (हे मी एका वाक्यात लिहिलं, याला अकरा मिनिटं लागतात), वरचे केस हाताने बाजूला धरायचे आणि पोटाकडून एकेक पदर सोडत पाठीकडे जायचं. नुसतं वरून ब्रश फिरवलं की कुत्रं फोटोत छान दिसतं आणि आत गुंता तसाच. गुंता सापडला की मुळाशी दोन बोटांनी घट्ट धरायचं, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाकून टोकाकडून बोटांनीच मोकळं करत जायचं. फणी शेवटी. आणि गुंता काढल्याशिवाय आंघोळ नको, ओला गुंता वाळला की नमदा होतो. तो मग कात्रीलाच ऐकतो.

आंघोळ दोन आठवड्यांनी, कोमट पाण्याने, कानात कापसाचे बोळे घालून. शांपू वरून खाली ओघळू द्यायचा, आपण डोकं चोळतो तसं गोल गोल चोळलं की पुन्हा सुपाऱ्या. आपला शांपूही चालत नाही, त्याची कातडी वेगळी.

कपाळावरचे केस डोळ्यांत जातात म्हणून शेंडी बांधावी लागते. त्यासाठी मी आधी तुळशीबागेतून लहान मुलींच्या वेण्यांची रंगीत रबरं आणली होती. ती केस कापत जातात. बारीक लॅटेक्सची लागतात आणि सोडताना ओढायची नाहीत, कात्रीने कापून टाकायची. बांधल्यावर भुवया वर चढून सुभेदार कायम चकित दिसू लागला, तर शेंडी घट्ट झाली.

खाली उतरलं की काकू असतातच.

"मुलगी का हो? रिबीन दिसतेय."

"नाही काकू, मुलगा आहे. डोळ्यात केस जातात त्याच्या."

"मग कापून का नाही टाकत?"

काकूंचं बरोबर आहे, आणि हेच मनाला लागतं. इंचभर ठेवून कापले तर काम निम्म्यावर येतं, कातडीचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात आम्ही कापतोच, कारण चिखल आणि गोचीड दोन्ही लांब केसांत लपतात, आणि गोचिडांचा ताप पुण्यात काही नवलाईचा नाही. एरवी न कापण्याचं कारण निव्वळ हौस, आणि ते काकूंना सांगण्यासारखं नाही.

पट्टा गळ्यात नाही, छातीला. या जातीची श्वासनळी नाजूक. गळ्याला हिसका बसत राहिला तर जुन्या रिक्षाच्या रबरी भोंग्यासारखा खोकला लागतो. दिवाणावरून उडी मारली तर पुढचा पाय मोडू शकतो, म्हणून खाली पायरी ठेवली आहे. तिच्यावर तो बसतो, उतरतो मात्र उडी मारूनच. दिवसाला त्याला दोनेकशे कॅलरी पुरतात. म्हणजे कोणी प्रेमाने तूप लावलेली पोळी भरवली, की अर्ध्या दिवसाचं जेवण झालं. पोळी परवडली. खरी भीती सत्यनारायणाची. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतात आणि एवढ्याशा देहाला थोडेसेही भारी पडतात. प्रसादाला नाही म्हणणारा माणूस म्हणून मजल्यावर माझं नाव झालंय.

"टीकप" म्हणून विकतात ती निराळी जात नव्हे. जातीच्या अधिकृत मानकात वजनाची वरची मर्यादा सव्वातीन किलोच्या आत आहे, टीकप हा शब्दच त्यात नाही. नुसतं कमी वजनाचं पिल्लू, त्याची साखर उपाशीपोटी चटकन उतरते. पिल्लू काळं-तांबूस जन्मतं, पाठीवरची पोलादी निळी झाक यायला दोन-तीन वर्षं जातात. दोन महिन्यांचं रुपेरी पिल्लू कोणी दाखवलं तर चहा पिऊन निघावं.

आता पार्किंगमधल्या घुशीचं. पूर्ण वाढलेली घूस एक किलोच्याही वर जाते, म्हणजे सुभेदाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. हे गणित त्याला मान्य नाही. म्हणून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी न चुकता, कारण तो रोग घुशी-उंदरांच्या लघवीतून येतो. रात्री सव्वादहाला, पदरन्‌पदर विंचरलेला, शेंडी बांधलेला, शेवटच्या फेरीला खाली उतरलेला सुभेदार स्कूटरखाली शिरतो. घूस कधीच सापडत नाही, ग्रीस दररोज सापडतं. ग्रीसवर पाणी लावायचं नाही, पसरतं. कॉर्नफ्लोर दाबून अर्धा तास ठेवायचं आणि तेवढा वेळ त्याने ते चाटू नये म्हणून मांडीवर धरून बसायचं. डबा मी आता स्वयंपाकघरातून काढून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवलाय.