डायलिसिस कंपनीने चालवलं, म्हणून बीपी-शुगरही द्यायचं?

"जिल्हा रुग्णालयातलं डायलिसिस खासगी कंपनीकडे दिलं आणि सुरळीत चाललं. मग बीपी, शुगर, दमा हेही द्या. गरिबाला फुकट, सरकारचा खर्च कमी, जबाबदारी कंपनीची. आरोग्य केंद्रांना हे कधी जमलंच नाही." रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा पुन्हा येतो. खासगी भागीदारीला आमचा सरसकट विरोध नाही. पण या मेसेजवर विसंबून निर्णय झाले तर भोगेल तो वाडीवरचा पेशंट, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी "जबाबदारी कंपनीची". २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात कामाची वाटणी ठरलेली आहे. मशीन, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, तंत्रज्ञ, रक्त गाळणारा डायलायझर आणि इतर लागणारं साहित्य भागीदाराचं. जागा, औषधं, वीज, पाणी आणि गरीब रुग्णाच्या प्रत्येक डायलिसिसचे पैसे सरकारचे. म्हणजे कोकणात जे हमखास अडतं, ते पाणी आणि वीज, सरकारकडेच राहिलं.

मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर शुद्ध पाणी जातं. चार तासांत एका रुग्णामागे १२० लिटर झालं. आरओ बरंचसं पाणी बाहेर टाकतो, त्यामुळे टाकीत त्याहून पुष्कळ जास्त लागतं. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात, किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी मचूळ होतं, मग टँकर मागवावा लागतो. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली, याचा भरवसा नसतो. क्लोरीन अडवायचं काम आरओच्या आधीच्या कार्बन टाकीचं. ती थकली की क्लोरीन पुढे जातं आणि रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळीआधी चाचणीच्या पट्टीने एकूण क्लोरीन बघायचं. ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर एकही रुग्ण मशीनला लावायचा नाही. टँकर कोणी मागवायचा, पट्ट्या कोणी आणायच्या, जनरेटरचं डिझेल कोणाच्या खात्यावर, हे करारात नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. अशा वेळी वीज जाते, रस्ते बंद होतात आणि डायलिसिस चुकतं. मग अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. अशा दिवसांत थकवा आला म्हणून रुग्णाला प्रेमाने शहाळं देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

"तसंच बीपी-शुगरही द्या" हा दावा सगळ्यांत कच्चा. डायलिसिस मोजता येतं. एक डायलिसिस, एक बिल. बीपीचं काम त्याच माणसाला दर महिन्याला परत आणण्याचं असतं. कराराने तपासणीमागे पैसे दिले की शिबिरं भरतात. धावत आलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, एकच रीडिंग घेतात, यादी वाढते आणि शिबिर उठल्यावर त्या यादीला कोणी वाली राहत नाही. खरं तर पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब मोजल्याशिवाय सहसा कोणाला आजन्म गोळी लावू नये.

"आरोग्य केंद्रांना जमलंच नाही" हे सिंधुदुर्गात तरी कोणी म्हणू नये. २०१७ च्या अखेरीस भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, आणि राज्यातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. पद्धत साधी आहे. सगळीकडे एकच ठरलेला उपचारक्रम, बहुधा अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. महिन्याने रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर पुढची गोळी, जशी टेल्मिसार्टन ४०. हाताशी ३० दिवसांच्या गोळ्या, रुग्णाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. हे बिघडतं ते मुख्यतः गोळ्यांचा साठा संपल्यावर. दोनदा रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा एसटीचं भाडं घालून येत नाही.

"फुकट" म्हणताना लोक महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड दाखवतात. तिचं पाच लाखांचं कवच ठरलेल्या उपचारांना आहे. त्यात डायलिसिस येतं, ओपीडीतली रोजची गोळी येत नाही. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. तिथला साठा आटला तर ती मेडिकलातून विकतच घ्यावी लागणार. खासगी गुंतवणूक कुठे वळते तेही बघा. नीती आयोगाच्या २०१७ च्या मसुद्यात जिल्हा रुग्णालयांतली जागा ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची कल्पना होती, ती हृदय, फुप्फुसं आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी, रोजच्या गोळीसाठी नव्हे.

खर्चाचा हिशेब छोटा आहे. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. २०१६ मध्ये केंद्राने धरलेल्या दोन हजारांच्या दराने तीन लाखांच्या वर. अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीला सरकारी घाऊक खरेदीत रुपयाही पडत नाही, आणि मूत्रपिंडं निकामी होण्यामागे ताब्यात न आलेलं बीपी आणि शुगर ही मोठी कारणं आहेत.

मग भागीदारी कुठे हवी? बाजारगावातल्या खासगी डॉक्टरांशी, धर्मादाय रुग्णालयांशी. पण पैसे तपासणीमागे देऊ नयेत. नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब गेल्या तिमाहीत १४०/९० च्या खाली होता, यावर द्यावेत, आणि न आलेला रुग्ण अपयशातच धरावा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गावात असलेल्या मच्छीमारांची तपासणी उरकून, बोटी सुटण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या हाती द्याव्यात. गणपतीनंतर मुलाकडे मुंबईला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं कार्ड तिथल्या दवाखान्यातही चालावं. वीज जाणाऱ्या गावात इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत कुठे ठेवायची, याची सोय उपकेंद्रात हवी. वापरात असलेली बाटली घरी गार मडक्याशेजारी साधारण चार आठवडे चालते. आणि करार संपला किंवा भागीदार मधेच निघून गेला, तरी रुग्णांच्या सगळ्या नोंदी आरोग्य केंद्राच्याच राहतील, हे सही करण्याआधी लिहून घ्यावं.