सॅटेलाइट मेसेंजर हाक पोहोचवतो, सोडवायला येत नाही

भटकंती करणाऱ्यांच्या गटांतून सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: मोबाइलची रेंज नसलेल्या आडरानात जाताना सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्गे संदेश पाठवणारे हातात मावणारे यंत्र) जवळ ठेवा आणि निर्धास्त राहा, तो जगात कुठेही चालतो, एसओएसचे, म्हणजे संकटात मदत मागण्याचे, बटण दाबताच हेलिकॉप्टर निघते, घरच्यांना तुम्ही नकाशावर सतत दिसत असता त्यामुळे मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवण्याची कटकट उरत नाही, आणि फोन नवा असेल तर वेगळ्या यंत्रावर पैसे घालवण्याचेही कारण नाही. या चारही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो संदेश वाचणाऱ्याला पटतो. दुर्गम भागात जाणाऱ्याने सॅटेलाइट मेसेंजर न्यावा, असे माझेही ठाम मत आहे. त्याच्यामुळे वाचलेले जीव थोडेथोडके नाहीत. पण ते हाक पोहोचवण्याचे साधन आहे. हाक पोहोचल्यापासून माणसे येईपर्यंतचा काळ जखमीने आणि त्याच्या सोबत्यांनी कसा काढायचा, याचे उत्तर त्या यंत्रात नाही, आणि ते उत्तर सोबत नेण्याची गरजच नाही अशी समजूत हा संदेश करून देतो. माझा आक्षेप आहे तो याला.

‘कुठेही चालतो’ हे पहिले विधान घेऊ. एखादे यंत्र कुठे चालेल, हे ते उपग्रहांच्या कोणत्या जाळ्यावर अवलंबून आहे यावर ठरते. इरिडियम या जाळ्याचे 66 कार्यरत उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ते एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे ध्रुवप्रदेशांसह सगळी पृथ्वी त्यांच्या टप्प्यात येते. गार्मिन कंपनीचे इनरीच नावाचे मेसेंजर याच जाळ्यावर चालतात. स्पॉट नावाचे मेसेंजर ग्लोबलस्टार या दुसऱ्या जाळ्यावर चालतात, आणि त्या जाळ्यातला उपग्रह आलेला संकेत जमिनीवरच्या केंद्राकडे तसाच उतरवतो. म्हणजे तुम्ही आणि ते भूकेंद्र, दोघेही एकाच वेळी त्या उपग्रहाच्या नजरेत असावे लागता. ज्या प्रदेशाच्या आसपास असे केंद्र नाही, तिथे सेवा तुटक मिळते किंवा मिळतच नाही. जाण्याच्या प्रदेशाचा सेवानकाशा खरेदीपूर्वी पाहणे हे म्हणूनच पहिले काम आहे.

जाळे जगभर पसरलेले असले तरी तुम्ही उभे आहात तिथून आकाश किती दिसते, हा प्रश्न उरतोच. हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत; एखादा उपग्रह क्षितिजावर उगवून दहाएक मिनिटांत मावळतो. मोकळ्या पठारावर एक गेला की दुसरा दिसतो, पण दोन्ही बाजूंना कडे असलेल्या अरुंद घळीत डोक्यावर आकाशाची एक पट्टी तेवढी उरते, आणि त्या पट्टीतून उपग्रह जाईपर्यंत संदेश यंत्रातच थांबून राहतो. ओल्या पानांचे दाट छत संकेत शोषून घेते, आणि माणसाचे शरीरही घेते. शेवटी या यंत्रांची प्रक्षेपणशक्ती असते फार तर एक-दोन वॉट. यंत्र जखमीच्या अंगाखाली दबले किंवा सॅकमध्ये कपड्यांच्या तळाशी राहिले तर ते चालू असूनही मुके होऊ शकते. घळीत आणखी एक अडचण येते. जीपीएसचा संकेत कातळावर आपटून येतो तेव्हा यंत्राने कळवलेले ठिकाण बरेच चुकू शकते, आणि बचाव पथक नदीच्या पलीकडच्या तीरावर पोहोचले तर पाणी ओसरेपर्यंतचा वेळ वाया जातो. म्हणून चालता येत असेल तर आधी मोकळ्या जागी यावे, अँटेना आकाशाकडे करून यंत्र स्थिर ठेवावे आणि संदेश पोहोचल्याची खूण दिसेपर्यंत ते हलवू नये. एकतर्फी यंत्रावर तर मजकूर मिळाला की नाही हे कळवणारा उलट संदेशच येत नाही. तिथे जागा निवडण्यातली काळजी दुप्पट घ्यावी लागते.

‘कुठेही’ या शब्दाला कायद्याचीही मर्यादा आहे. काही देशांत उपग्रह संपर्काची साधने पूर्वपरवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. भारतात दूरसंचार विभागाची परवानगी लागते, आणि ती नसल्यामुळे विमानतळावर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सीमा ओलांडण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे: ‘बटण दाबताच हेलिकॉप्टर निघते’. बटण दाबल्यावर प्रत्यक्षात निघतो तो संदेश. तो उपग्रहामार्गे भूकेंद्रात आणि तिथून प्रतिसाद केंद्रात जातो. गार्मिनचे असे केंद्र अमेरिकेतील टेक्सास राज्यात आहे, आणि तिथला कर्मचारी स्वतः कोणाला सोडवायला येत नाही. तुम्ही ज्या देशात, ज्या जिल्ह्यात अडकला आहात, तिथे बचावाची जबाबदारी कोणाकडे आहे हे तो शोधतो, त्यांना कळवतो आणि तुमच्याशी संदेशांची देवाणघेवाण चालू ठेवतो. त्यानंतर स्थानिक यंत्रणा ठरवते की पथक पायी पाठवायचे की हवाई मार्गाने. अनेक ठिकाणी हे पथक स्वयंसेवकांचे असते. ते आपापल्या कामावरून उठून जमतात, सामान बांधतात, वाहनाने पायथ्याला येतात आणि मग चढू लागतात. तुम्हाला जिथे पोहोचायला पूर्ण दिवस लागला, तिथे त्यांनाही पाय टाकतच यावे लागते.

हेलिकॉप्टर असले तरी ते हवामानापुढे अगतिक असते. ढग खाली उतरले, वारा घोंघावू लागला किंवा अंधार पडला की पुष्कळ ठिकाणी उड्डाण थांबते. उंचावर आणि उन्हाच्या तापात हवा विरळ असल्यामुळे त्याची उचलण्याची क्षमता घटते, आणि उतरायला सपाट जागा नसेल तर दोरावरून माणूस उचलण्याची सोय असलेलेच हेलिकॉप्टर लागते, जे सगळीकडे नसते. अपघातही अनेकदा अशाच हवेत होतात ज्यात उडणे शक्य नसते. वादळात वाट चुकलेल्या माणसाला त्याच वादळात उचलायला कोणी येऊ शकत नाही. सुटकेला काही तास लागणे हे चांगले नशीब समजावे, आणि एक रात्र काढावी लागेल हे गृहीत धरूनच सॅक भरावी.

काही संकटांत तर तासांचा प्रश्नच नसतो. हिमस्खलनात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कोसळते. त्याला बाहेर काढू शकतात ते फक्त तिथे हजर असलेले सोबती, आणि तेही प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाची जागा कळवणारे रेडिओ यंत्र), सोबत प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे असेल, आणि ते वापरण्याचा सराव असेल तरच. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. तिथे हात लागतो तो घट्ट दाबून धरणाऱ्या सोबत्याचा. ज्याने मेसेंजर घेतला म्हणून फावडे किंवा प्रथमोपचाराची पिशवी घरी ठेवली, त्याने मिनिटांत जीव वाचवणारी वस्तू सोडून तासांनी उपयोगी पडणारी वस्तू उचलली. थंडीतल्या वाट पाहण्याचेही तसेच आहे. पाय मोडलेला माणूस हलू शकत नाही, म्हणून अंगात उष्णता तयार होत नाही, आणि जमीन ती खालून ओढून घेते. अंगाखाली चटई, वर कोरडे कपडे आणि वारा अडवणारे आच्छादन नसेल तर पथक येईपर्यंत मोडलेल्या पायापेक्षा थंडीच जास्त जिवावर बेतते.

बटणाबरोबर शब्दही जावे लागतात. ‘पडलो, लवकर या’ एवढ्यावरून पथकाला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असा मजकूर पाठवावा: ‘तिघे आहोत. एकाची उजवी मांडी मोडली, चालता येत नाही, शुद्धीत आहे, रक्त थांबवले. तंबू व दोन स्लीपिंग बॅग आहेत. ढग खाली, वारा जोरात. वर 50 मीटरवर मोकळे पठार.’ यातल्या प्रत्येक वाक्यावरून समोरचा एकेक निर्णय घेतो: स्ट्रेचर न्यायचे का, डॉक्टर हवा का, रात्र निभेल का, हेलिकॉप्टर टेकेल का. आणि मदतीची गरज सरली तर यंत्र नुसते बंद करू नये, एसओएस रद्द केल्याचे कळवावे. अचानक गप्प झालेल्या यंत्राचा अर्थ पथक वाईटच काढते आणि काढायलाही हवा.

तिसरे विधान, ‘घरच्यांना तुम्ही दिसत असता, म्हणून बेत सांगायला नको’, हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. एसओएस आल्यावर प्रतिसाद केंद्र नोंदवलेल्या आपत्कालीन संपर्काला फोन करते. पलीकडून विचारले जाते: गटात किती जण आहेत, मार्ग कोणता, कोणाला काही आजार आहे का, तंबू नेला आहे का, परत कधी यायचे होते. ज्याला ‘मी जाऊन येतो’ एवढेच सांगितले होते, तो भाऊ किंवा ती आई काय उत्तर देणार? जखमी बेशुद्ध असेल तर त्या फोनवर मिळालेली माहितीच पथकाच्या हाती असते. आणि यंत्र दरीत पडले, फुटले किंवा त्याची बॅटरी संपली, तर शोध सुरू होण्याचे एकमेव कारण म्हणजे घरी लिहून ठेवलेली परतीची वेळ.

नकाशावरचे ठिपकेही सतत पडत नाहीत. दर दहा मिनिटांनी ठिकाण नोंदवले जात असेल तर ताशी चार किलोमीटरने चालणारा माणूस दोन ठिपक्यांमध्ये साडेसहाशे मीटरांहून पुढे गेलेला असतो, आणि एवढ्यात वाटेला दोन फाटे फुटू शकतात. दाट रानातले किंवा घळीतले ठिपके उशिरा येतात, काही येतच नाहीत. त्यामुळे ठिपका थांबला की घरात रडारड, किंवा उलट ‘रेंज नसेल’ म्हणून दोन दिवस स्वस्थता, अशा दोन्ही चुका होतात. यावर उपाय एकच आहे: निघण्यापूर्वी घरी ठरवून लिहून ठेवावे की ठिपके थांबले म्हणून काही करायचे नाही, मात्र अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत ‘सुखरूप’ असा संदेश आला नाही तर अमुक ठिकाणी फोन करायचा. हा कागद देणारा माणूस मला यंत्र घेऊन गुपचूप जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सुरक्षित वाटतो.

राहिला फोन. नोव्हेंबर 2022 मध्ये आयफोन 14 वर उपग्रहाद्वारे एसओएसची सोय सुरू झाली ती ग्लोबलस्टारच्याच जाळ्यावर, आणि ती ठरावीक देशांतच मिळते. आकाश मोकळे असेल तर संदेशाला 15 सेकंद आणि झाडीत मिनिटाहून जास्त वेळ लागू शकतो, तसेच 62 अंश अक्षांशाच्या पलीकडे सेवा चालेलच असे नाही, हे अ‍ॅपलनेच सांगितलेले आहे. शिवाय फोन उपग्रहाच्या दिशेने धरून ठेवावा लागतो, जे निखळलेल्या खांद्याच्या माणसाला अवघड आहे. जवळच्या सहलीला एवढी सोय पुष्कळ झाली. पण तोच फोन नकाशा, कॅमेरा आणि कधी टॉर्च म्हणूनही दिवसभर वापरला जातो, थंडीत त्याची बॅटरी भराभर उतरते, ओल्या हातमोज्यांना त्याचा पडदा दाद देत नाही आणि ज्या पडण्यात माणसाचे हाड मोडते त्यातच तो फुटतो. एकट्याने लांबच्या वाटेला जाणाऱ्याने 406 मेगाहर्ट्झच्या पीएलबीचाही, म्हणजे फक्त संकटाचा संकेत पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचाही, विचार करावा. असे संकेत टिपणाऱ्या कॉस्पस-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेमार्फत 1982 पासून माणसे वाचवली जात आहेत. पीएलबीला मासिक वर्गणी नसते, तो 5 वॉटने निदान 24 तास संकेत पाठवतो, मात्र त्यावरून संभाषण होत नाही. मेसेंजरची वर्गणी थकली तर त्याचा एसओएसही बंद पडतो, हे इथे लक्षात ठेवावे.

यंत्र कोणतेही असो, ते सॅकमध्ये नव्हे तर अंगावर, खांद्याच्या पट्ट्याला असावे, कारण पडताना सॅक वेगळी होऊन दरीत जाऊ शकते. आणि पडणारा माणूस यंत्राचा मालकच असू शकतो, म्हणून ते कुठे अडकवले आहे, बटणावरचे झाकण कसे उघडते आणि किती वेळ दाबून धरायचे, हे गटातल्या प्रत्येकाला पायथ्यालाच दाखवलेले असावे.